भाऊ, हाऊ ४७ कोन शे?

२०१६ ची दिवाळी नुकतीच झालेली, कापसाचा सीझन जोरात, आणि अमळनेरजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसात मी लॅपटॉप उघडून मुनीम आप्पांना नवीन सॉफ्टवेअर दाखवत होतो. बाहेर काट्यावर गाड्यांची रांग, ट्रॅक्टर, छोटा हत्ती, दोन-तीन बैलगाड्या पण, कापसाचे तंतू सगळीकडे उडताहेत, कीबोर्डवर पण येऊन बसताहेत. मी आवक नावाची स्क्रीन उघडली. तारीख दिसत होती, गाडी नंबर दिसत होता, वजन होतं, आणि शेतकरी या रकान्यात लिहिलेलं होतं ४७. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, तोंड स्क्रीनजवळ नेलं आणि विचारलं, "भाऊ, हाऊ ४७ कोन शे?"

मी म्हटलं आप्पा तो शेतकऱ्याचा कोड आहे. ते म्हणाले, आपल्याकडे कोडनं कोणी येत नाही, माणसं येतात.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेला नाही, आणि डेटाबेसच्या टेबलांवरून आपोआप वेब अॅप्लिकेशनचा कोड बनवायचा म्हणजे काय, हे मला त्या एका प्रश्नाने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

झालं असं होतं की मी पुण्याची नोकरी सोडून गावी आलेलो, आणि या जिनिंगचं काम आधी एका माणसाने अर्धवट करून सोडलं होतं, टेबलं तेवढी बनवून दिली होती, तेवीस. सीझन सुरू होता, वेळ नव्हता. मी यी नावाचं फ्रेमवर्क, म्हणजे वेब अॅप्लिकेशनचा तयार सांगाडा, वापरायचो, त्यात गी नावाचं टूल आहे, टेबलाचं नाव द्यायचं, बटण दाबायचं, मॉडेल, म्हणजे त्या टेबलाशी बोलणारा कोड, तयार, परत बटण दाबायचं, यादीची, नवीन नोंदीची, दुरुस्तीची, डिलीटची अशी सगळी पानं तयार. एका रात्रीत मी तेवीसच्या तेवीस टेबलांच्या स्क्रीन काढल्या आणि सकाळी दाखवायला गेलो. तर पहिल्याच स्क्रीनवर ४७.

गीसारख्या, टेबलावरून कोड लिहून देणाऱ्या टूलला जनरेटर म्हणतात. ज्यांनी तो वापरला नाही त्यांच्यासाठी थोडं मुळापासून सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

जनरेटर काही जादू करत नाही, तो डेटाबेसला विचारतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडून ठेवायच्या पद्धतीचा, पेपर लिहिला, आणि १९८५ मध्ये खरा रिलेशनल डेटाबेस कशाला म्हणायचं याचे नियम मांडले. त्यातला चौथा नियम मला फार आवडतो. तो सांगतो की डेटाबेसमध्ये कोणती टेबलं आहेत, त्यांत कोणते कॉलम आहेत, ही माहितीसुद्धा टेबलांमध्येच ठेवलेली पाहिजे आणि आपण डेटाबेसला रोज जी क्वेरी मारतो, म्हणजे जे प्रश्न विचारतो, त्याच भाषेत ती वाचता आली पाहिजे. म्हणजे टेबलांची माहिती सांगणारी टेबलं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ५.० व्हर्जनपासून ती इन्फर्मेशन स्कीमा या नावाखाली मिळतात, पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये पण याच नावाने आहेत, ओरॅकलची नावं वेगळी, एसक्यूलाइटमध्ये प्राग्मा म्हणून कमांड आहे. पण सगळीकडे गोष्ट एकच, टेबल स्वतःबद्दल बोलतं.

मग जनरेटर काय करतो, एकेक कॉलम घेतो आणि प्रश्न विचारतो. तुझा टाईप काय? व्हारकॅर, म्हणजे अक्षरं, असेल तर टेक्स्ट बॉक्स, लांबी ५० असेल तर बॉक्सला पण ५० ची मर्यादा. तारीख असेल तर कॅलेंडर. टिनीइंट आणि कंसात १ असेल तर बरेच जनरेटर त्याला हो-नाही समजून चेकबॉक्स देतात. एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांतला एक, असेल तर ड्रॉपडाउन. नॉट नल असेल तर भरणं सक्तीचं. ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे नंबर डेटाबेस स्वतःच देत, असेल तर फॉर्ममध्ये दाखवायचाच नाही. आणि फॉरेन की असेल, म्हणजे हा आकडा दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवतो असं टेबलातच लिहून ठेवलेलं असेल, तर जनरेटरला कळतं की इथे आकडा नाही, त्या दुसऱ्या टेबलातलं नाव पाहिजे. मिळालेली उत्तरं तो साच्यात ओततो, टेम्प्लेट म्हणतात त्याला, आणि फाईल लिहून देतो. बस एवढंच. मी नंतर स्वतः पीएचपीत एक छोटा जनरेटर लिहिला, तीनशेच्या आसपास ओळी झाल्या, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त ओळी तर साच्याच्याच होत्या.

हे काही नवीन पण नाही. फॉक्सप्रो आणि अॅक्सेसमध्ये टेबलावरून फॉर्म काढून देणारे विझार्ड होतेच. २००५ मध्ये रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कचा पंधरा मिनिटांत ब्लॉग बनवून दाखवणारा व्हिडिओ आला आणि स्कॅफोल्ड, म्हणजे आपोआप काढलेला कच्चा सांगाडा, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. जँगो फ्रेमवर्कमध्ये इन्स्पेक्टडीबी आहे, जुन्या डेटाबेसवरून मॉडेलची फाईल लिहून देतं. केकपीएचपीमध्ये बेक, मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कमध्ये पण स्कॅफोल्डची कमांड. आणि पोस्टग्रेस्टसारखं टूल तर कोड लिहीतच नाही, टेबलं बघून थेट एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला डेटा मागता येईल असा दरवाजा, उभा करतं.

आता परत ४७ वर येतो.

आवक टेबलात शेतकरी आयडी होता पण जनरेटरने तो साधा आकडा का समजला? मी आधीच्या माणसाची टेबलं बनवायची स्क्रिप्ट उघडली तर त्यात फॉरेन की व्यवस्थित लिहिलेली! मला काही कळेना. दोन तास गेले. मग शो क्रिएट टेबल, म्हणजे टेबल खरंच कसं बनलंय ते दाखवणारी कमांड, करून बघितलं तर तिथे फॉरेन की नाहीच. कारण शेवटच्या ओळीत इंजिन, म्हणजे टेबल साठवणारा मायएसक्यूएलचा भाग, मायआयसॅम लिहिलेलं होतं. मायएसक्यूएलचं जुनं मायआयसॅम इंजिन फॉरेन की मानतच नाही, आणि वाईट म्हणजे तुम्ही लिहिली तर चूक पण दाखवत नाही, गुपचूप सोडून देतं. २०१० मध्ये आलेल्या ५.५ व्हर्जनपासून डिफॉल्ट इंजिन इनोडीबी झालं, त्यात फॉरेन की चालते, पण कोणीतरी जुनी स्क्रिप्ट कॉपी केली की मायआयसॅम परत येऊन बसतं. आधीच्या माणसाला वाटलं टेबलाला सगळं माहितीय, टेबलाला काहीच माहिती नव्हतं, आणि जे टेबलाला माहिती नाही ते जनरेटर कुठून आणणार.

मी इंजिन बदललं आणि फॉरेन की लावायला गेलो तर डेटाबेसने नाही म्हटलं. आवकमध्ये अशा नोंदी होत्या ज्यांचा शेतकरी शेतकरी टेबलात नव्हताच. हा डेटा जुन्या फॉक्सप्रोमधून आलेला होता. त्याच्या डीबीएफ फाईलमध्ये कॉलमचं नाव दहाच अक्षरांचं बसतं त्यामुळे नावं सगळी तुटकी, एकात शेतकरी कोड एका नावाने, दुसऱ्यात दुसऱ्या नावाने. आणि अजून एक गोष्ट माझ्या अंगाशी आली ती सांगतो म्हणजे दुसऱ्या कोणाचे दिवस वाया जाणार नाहीत. डीबीएफमध्ये रेकॉर्ड डिलीट केलं तरी ते जात नाही, त्या ओळीच्या पहिल्या जागेवर फक्त एक फुलीसारखा तारा पडतो, पॅक कमांड दिली तरच ते खरंच जातं. मी ज्या छोट्या टूलने डेटा उचलला ते तारा बघतच नव्हतं. त्यामुळे मागच्या सात-आठ वर्षांत रद्द केलेल्या सगळ्या पावत्या जिवंत होऊन नव्या डेटाबेसमध्ये आल्या आणि एका सीझनची आवक वहीपेक्षा जास्त भरली. आप्पांनी वहीची बेरीज तोंडपाठ सांगितली म्हणून ते सापडलं, नाहीतर कळलंही नसतं.

मग चार संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. आप्पा लाल वही उघडून, मी लॅपटॉप उघडून. ज्या पावतीचा शेतकरी सापडत नव्हता ती मी वाचून दाखवायचो, गाडी नंबर आणि वजन सांगितलं की आप्पा थोडा वेळ डोळे मिटायचे आणि गावाचं नाव सांगायचे. मारवड, कळमसरे, पातोंडा. माणूस आठवायच्या आधी त्यांना गाव आठवायचं. शेवटची अनाथ पावती लागली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते, फॉरेन कीची कमांड परत मारली, यावेळी ती गेली. गी परत चालवलं, माझ्या साच्यात फॉरेन की दिसली की ड्रॉपडाउन काढायचं असं सांगून ठेवलेलं होतं, आणि ४७ च्या जागी नाव आलं. कोडची एक ओळ मी हाताने बदलली नव्हती, फक्त टेबलाला खरं काय ते सांगितलं होतं.

इथे मला जे म्हणायचंय ते सरळ म्हणतो. टेबल नीट बनवणं हेच खरं प्रोग्रामिंग आहे. लोक टेबल पाच मिनिटांत उरकतात आणि मग महिनाभर कोडमध्ये ठिगळं लावत बसतात, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की मला त्याचा त्रास होतो, खरंच त्रास होतो, कारण त्या ठिगळांचा भार शेवटी काट्यावरच्या पोरावर आणि मुनीमावर पडतो.

पण टेबल कितीही नीट केलं तरी काही गोष्टी जनरेटरला कळत नाहीत, आणि त्या कुठल्या हे आधीच ओळखता आलं पाहिजे.

पहिलं तर ते ड्रॉपडाउनच बघा. जनरेटर ड्रॉपडाउन काढतो म्हणजे शेतकरी टेबलातल्या सगळ्या ओळी त्या पानात भरतो. सहा हजार शेतकरी. जिनिंगमधला कॉम्प्युटर जुना, पान उघडायला इतका वेळ लागायचा की काटेवाला पोरगा तोपर्यंत कागदावर लिहून मोकळा व्हायचा. आणि नाव म्हणून दाखवायचं काय, तर टेबलातला पहिला व्हारकॅर कॉलम, म्हणजे नुसतं नाव. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन पाटील असतात, वडिलांचं नाव पण कधी कधी सारखंच निघतं, गावातले लोक त्यांना वरच्या गल्लीचा, खालच्या गल्लीचा, मळ्यातला असं ओळखतात. मी नाव आणि गाव मिळून युनिक की लावली होती, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घ्यायची नाही, पहिल्याच दिवशी एका खऱ्या माणसाची नोंद होईना आणि तो कापूस घेऊन दारात उभा. ती की काढली, मोबाईल नंबर घेतला, आणि ओळख नावाचा साधा कॉलम टाकला ज्यात वरची गल्ली लिहिता येईल. मग आधी गाव निवडायचं, मग नावाची पहिली दोन अक्षरं टाईप करायची, असा शोधाचा बॉक्स हाताने लिहिला. आप्पांना गाव आधी आठवतं हे त्या चार संध्याकाळी दिसलं होतं म्हणून सुचलं.

दुसरं, भाव. कापूस खरेदीच्या टेबलात एक कॉलम होता भाव, आणि सरकी काढलेल्या रुईच्या विक्रीच्या टेबलातही भावच. दोन्ही डेसिमल, दोन्हींच्या स्क्रीनवर सारखाच बॉक्स. पण कापूस क्विंटलवर घेतला जातो आणि रुईचा भाव खंडीवर बोलला जातो, खंडी म्हणजे ३५६ किलो, आणि माल जातो गठाणीत, एक गठाण साधारण १७० किलोची. टेबलाला यातलं काही माहिती नाही, त्याच्यासाठी दोन्ही नुसते आकडे. मी कॉलमची नावं बदलली, भाव प्रति क्विंटल आणि भाव प्रति खंडी, आणि स्क्रीनवर आपोआप तसंच यायला लागलं. एवढ्याने किती फरक पडतो ते ज्याने चुकीच्या एककात हिशोब केलाय त्यालाच कळेल.

तिसरं वजन. भरलेल्या गाडीचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा जास्तच असणार, हे लहान पोर पण सांगेल. मी टेबलावर तसा चेक, म्हणजे अट, लावला. त्या वेळच्या मायएसक्यूएलने तो पण घेतला आणि पाळला नाही, मायआयसॅमसारखंच गुपचूप. मायएसक्यूएल चेक खरोखर पाळायला लागलं ते २०१९ मध्ये आलेल्या ८.०.१६ पासून. त्यामुळे तेव्हा ते मॉडेलमध्ये हाताने लिहावं लागलं. आज कोणी नवीन काम सुरू करत असेल तर चेक टेबलातच लावा, आणि आपला जनरेटर तो वाचतो का ते पण बघा, बरेच वाचत नाहीत.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे काट्याची स्क्रीन. जनरेटरला टेबल दिसतं, काम दिसत नाही. एक गाडी आली की आवकमध्ये नोंद, वजनात दोन नोंदी, ओलावा बघून भावात कट, हमाली तोलाई वजा, मग पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाचा कागद. चार टेबलं. जनरेटरने चार स्क्रीन दिल्या आणि काट्यावरच्या पोराला एका गाडीसाठी चार पानं फिरावी लागली असती, मागे वीस गाड्या उभ्या. ती स्क्रीन मी पूर्ण हाताने लिहिली, माऊस न लावता फक्त एंटर दाबत खाली जाईल अशी, त्याच्या शेजारी दोन दिवस स्टूल टाकून बसून. तेवीसपैकी सोळा टेबलं गाव, तालुका, शेतकरी, व्यापारी, गाडी, बँक अशी मास्टर टेबलं होती, ती जशीच्या तशी जनरेटरवर सोडली. उरलेल्या सातांना हात लावला. तेव्हापासून माझं ठरलंय, मास्टर जनरेटरला, व्यवहार माणसाला.

डिलीटचं बटण पण तसंच. जनरेटर प्रत्येक ओळीपुढे डिलीट देतो. हिशोबाच्या पावतीला डिलीट नसतं, रद्द असतं, नंबर तसाच राहतो, वर रद्दचा शिक्का आणि कारण. साच्यातूनच ते बटण काढून टाकलं आणि रद्द नावाचा कॉलम ज्या टेबलात असेल तिथे रद्द करा असं बटण येईल असं लिहिलं.

एवढं वाचून कोणाला वाटेल मग जनरेटरचा फायदा काय. तर ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. रात्री आठला नोटबंदी जाहीर झाली, आणि आमच्याकडे ऐन सीझन, कापसाचे पैसे तोपर्यंत बहुतेक रोख जायचे. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले आता प्रत्येक शेतकऱ्याचा बँक खाते नंबर पाहिजे, आयएफएससी कोड पाहिजे, कोणाला चेक दिला कोणाला एनईएफटी केली सगळं पाहिजे, आणि आजच पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये यातलं काही नव्हतं. मी दुपारी दोन टेबलं बनवली, बँक खातं आणि भरणा, फॉरेन की लावल्या, नॉट नल लावलं, जनरेटर चालवला, संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला पोरं खाती भरायला बसली. हाताने लिहिलं असतं तर माझे चार दिवस तरी गेले असते, आणि ते चार दिवस शेतकरी दारात उभे राहिले असते. फक्त एक गोष्ट हाताने घातली. आयएफएससी अकरा अक्षरांचा, ती लांबी टेबलाने जनरेटरला सांगितली, पण त्यातलं पाचवं अक्षर कायम शून्य असतं हे टेबल कसं सांगणार, आणि लोक तिथे इंग्रजी ओ टाकतात. ती एक ओळ मॉडेलमध्ये लिहिली आणि पैसे परत यायचे थांबले.

मग २०१७ चा १ जुलै, जीएसटी. व्यापारी टेबलात जीएसटी नंबरचा कॉलम टाकला, पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने, पुढची दहा अक्षरं पॅनची. कॉलम वाढला म्हणून मी जनरेटर परत चालवला. आणि माझी मागच्या आठ महिन्यांची हाताने केलेली दुरुस्ती त्या फाईलमधून पुसली गेली. बॅकअप होता म्हणून वाचलो, तरी एक अख्खा दिवस दोन फाईल शेजारी ठेवून ओळी जुळवण्यात गेला.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे आणि तो मला आधीच माहिती असायला हवा होता. प्रत्येक टेबलासाठी दोन क्लास, म्हणजे कोडचे दोन वेगळे गठ्ठे, करायचे. एक बेस क्लास, तो पूर्ण जनरेटरचा, वर मोठ्या अक्षरात लिहायचं की या फाईलला हात लावू नये. दुसरा त्याच्यावरून निघालेला आपला क्लास, जनरेटर तो फक्त पहिल्यांदा बनवणार, नंतर कधीच नाही. शून्य तपासणारी ओळ, २७ तपासणारी ओळ, सगळं या दुसऱ्यात. पीएचपीतली प्रोपेल आणि जुनी डॉक्ट्रिन ही टूलं असंच करायची. यानंतर मी बिनधास्त दिवसातून दहा वेळा जनरेटर चालवतो. आणि गिट, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, वापरा, जनरेटर चालवायच्या आधी कमिट करा, चालवल्यावर डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, बघा, ही सवय लागली की भीतीच जाते.

सुरक्षेबद्दल पण बोललंच पाहिजे. जनरेटर टेबलातला प्रत्येक कॉलम फॉर्ममध्ये टाकतो आणि फॉर्ममधून आलेला प्रत्येक कॉलम सेव्ह करतो. युजर टेबलात भूमिका नावाचा कॉलम होता, मालक, मुनीम, काटेवाला. माझ्या पहिल्या आवृत्तीत काटेवाला स्वतःचं प्रोफाईल उघडून स्वतःला मालक करू शकला असता. कोणी केलं नाही, पण करता आलं असतं. ही चूक लहान माणसंच करतात असं नाही, मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह या तरुणाने गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर हेच दाखवून दिलं, फॉर्ममध्ये नसलेली व्हॅल्यू पाठवून त्याने स्वतःला रेल्सच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, लिहायचा हक्क मिळवला. त्याच्या पुढच्या वर्षी रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स आले, म्हणजे कोणते कॉलम बाहेरून स्वीकारायचे ते नावाने सांगायचं. तुमच्या जनरेटरच्या साच्यात हे पहिल्या दिवसापासून ठेवा. साच्यात एक भोक राहिलं तर सोळा स्क्रीनना भोक, आणि तेच साच्यात बुजवलं तर सोळाच्या सोळा एका दमात बुजतात.

आता कॉलेजची पोरं भेटली की एकच विचारतात, दादा एआय सगळा कोड लिहून देतं, हे जनरेटर कशाला शिकायचं. मी एआय वापरतो, रोज वापरतो. पण एआयला पण तुम्ही टेबलाचं वर्णनच देता ना? त्यात फॉरेन की नसेल तर ते अंदाज करतं, आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो म्हणूनच जास्त धोका, चुकलेला एक सापडत नाही. जनरेटर अंदाज करत नाही. टेबल तेच असेल तर आज, उद्या, पुढच्या दिवाळीला कोड तोच येणार, अक्षर न अक्षर. मी आता साचा एआयकडून लिहून घेतो, नीट वाचतो, आणि चालवतो मात्र जनरेटरनेच.

जळगाव-धुळ्याकडच्या एमसीए आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना माझं मनापासून सांगणं आहे की एकदा तरी स्वतःचा जनरेटर लिहा. दोनच टेबलं घ्या, गाव आणि शेतकरी. इन्फर्मेशन स्कीमामधून कॉलम वाचा, एचटीएमएलचा फॉर्म छापा, मग फॉरेन की वाचून ड्रॉपडाउन करा. दोन-तीन दिवसांचं काम आहे. आपल्याकडे काम नाही असं म्हणू नका. विप्रो १९४५ मध्ये याच अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झाली होती हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण आज आपल्याच रस्त्यावरच्या जिनिंग, डाळ मिल, सावदा-रावेरकडचे केळीचे व्यापारी, यांच्या हिशोबाच्या वह्यांत किती टेबलं लपलीत ते कोणी बसून बघत नाही.

एक शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक कॉलमला कमेंट लिहिता येते आणि ती इन्फर्मेशन स्कीमामध्ये पण दिसते. गीमध्ये एक पर्यायच आहे, कमेंटवरून लेबल बनव म्हणून. मी टेबलांच्या सगळ्या कमेंट मराठीत लिहिल्या, एकूण वजन, निव्वळ वजन, आणि आप्पांना दाखवल्या. ते म्हणाले असं काट्यावर कोणी बोलत नाही. मग काय बोलतात विचारलं. ते सांगत गेले आणि मी अल्टर टेबल कमांडने कमेंट बदलत गेलो, भरेल वजन, खाली वजन, कट, हमाली, हातात रक्कम. जनरेटर परत चालवला. दुसऱ्या दिवशी काट्यावर नवीन पोरगा आलेला होता, त्याला मी काही शिकवायच्या आधीच तो स्क्रीन मोठ्याने वाचत होता, "भरेल... खाली...", आणि रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरचं वजन त्याने बरोबर रकान्यात टाकलं.